भीक मागणाऱ्यांना पैसे द्यायचे की खायला? तुमचे अनुभव सांगा

कृष्णाकाठ
गेल्या शनिवारी सकाळी आमच्या पेठेतल्या मारुतीबाहेर बसणाऱ्या आजींना दोन केळी द्यायला गेले. त्यांनी घेतली नाहीत. पदर बाजूला करून दाखवला, खाली अकरा केळी होती. म्हणाल्या, "पोरी, शनिवार आहे ना, सगळे केळीच देतात. एवढी खाऊन मी काय करू? जमलं तर पैसे दे, गोळ्या संपल्यात." पाकिटात पन्नासची नोट होती. तरी "पैसे नाही देत हो आजी" म्हणून मी चालायला लागले. ते वाक्य नोकरी लागल्यापासून तोंडात बसलंय.

घरी येईपर्यंत मिरजेचं घर डोळ्यासमोर. कोनाड्यात अप्पांचा चिल्लरचा डबा असायचा, गुरुवारी दारावर येणाऱ्यांना त्यातलं द्यायचं. मी सात-आठ वर्षांची असेन. एका म्हाताऱ्याला द्यायला आईनं उरलेली भाकरी माझ्या हातात दिली. त्यानं मोडून बघितली, मोडेना. कडक झाली होती. काही बोलला नाही, पायरीवर ठेवून निघून गेला. अप्पांनी ते बघितलं होतं. रात्री त्यांनी तीच भाकरी आमटीत कुस्करून स्वतः खाल्ली आणि आईला एवढंच म्हणाले, "दात आहेत का विचारावं आधी."

चाळीस वर्षं हे आठवलं नव्हतं. तुम्ही काय करता? वाद नको, घडलेलं सांगा.

लोकलवाला
पैसे नाही, वडापाव घेऊन देतो. दादरला पुलाखाली एक जण म्हणाला, साहेब लाल चटणी नको, तोंड आलंय. तेव्हापासून आधी विचारतो. कल्याण आलं, बाकीचं नंतर लिहितो.

ठाणेकरीण
दूध पावडरवालीचा अनुभव सगळ्यांना असेलच. कडेवर बाळ, "पैसे नको ताई, पावडरचा डबा घेऊन द्या." मी घेऊन दिला, चांगला चारशेच्या वरचा होता. दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याच्या पोऱ्यानेच हळूच सांगितलं, डबा तासाभरात परत येतो, पैसे वाटून घेतात. इतकी चिडले होते की महिनाभर त्या बाजूने गेले नाही.

पण पुढचं सांगायचंय. पुढच्या वर्षी दुसऱ्या सिग्नलला दुसरी एक बाई भेटली. मी शहाणपणा केला, डब्याचं सील तिच्यासमोर फोडून डबा हातात दिला. ती रडायला लागली. मला वाटलं चोरी पकडली गेली. तर म्हणाली, "आता हे मुंग्या खातील, माझ्याकडं ठेवायला काय आहे? गरम पाणी कुठून आणू?" बाळ खरंच तिचं होतं. फ्लायओव्हरखाली चटई आणि एक पिशवी, एवढाच संसार. चहाच्या टपरीवाल्याला पैसे देऊन रोज दोन वेळा दूध द्यायला सांगितलं, ते पंधरा दिवस चाललं. मग ते लोक तिथून उठले. कुठं गेले कळलं नाही.

शेवंती
ठाणेकरीण, वाचून कसंतरी झालं. पहिल्या बाईचं बाळही उपाशीच असेल गं, डबा परत केला म्हणून त्याचं पोट भरलं असं थोडंच आहे.

ठाणेकरीण
हो. हे मला फार उशिरा सुचलं.

माणदेशी
आमच्याकडं दारावर येणाऱ्याला भिकारी म्हटलं तर आजी रागवायची. वासुदेव आला की सुपात जोंधळे, वर पैसा. मोरपिसाची टोपी, चिपळ्या, आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं दान पावलं म्हणायचा. माझे आजोबा गेले त्या वर्षी त्यांचं नाव त्याच्या तोंडून ऐकून आजी चुलीपुढून उठून बाहेर आली होती. ते सूप त्या दिवशी शिगोशीग भरलं होतं.

शेवंती
आणि पिंगळा! पहाटे अंधारात कंदील घेऊन यायचा. आम्ही गोधडीत तोंड खुपसून बसायचो. कडकलक्ष्मीची तर भीतीच वाटायची, आसूड ओढायचा ना अंगावर.

माणदेशी
पिंगळा वासुदेवाच्याही आधी. त्याला पिंगळा पक्ष्याची, म्हणजे छोट्या घुबडाची, भाषा कळते म्हणायचे. आता आमच्या गावात वर्षातून एकदा कुणीतरी येतो, चिपळ्या तशाच, मोबाईल खिशात. पोरं व्हिडिओ काढतात, जोंधळे कुणी देत नाही. घरात असतील तर ना.

अबोली
माणदेशी, तुमचा वासुदेव कायद्यात भिकारीच आहे बरं का. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा, १९५९. गाणं, नाच, भविष्य सांगणं, वस्तू विकण्याचं निमित्त करून भिक्षा घेणं, सगळं त्यात येतं. नुसतं पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि भटकताय, एवढंही पुरतं. वॉरंट लागत नाही. पहिल्या वेळी १ ते ३ वर्षं, पुन्हा पुन्हा सापडलं तर १० वर्षांपर्यंत डांबता येतं.

मला हे माहीत असायचं कारण, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण) करताना फील्डवर्कला एका भिक्षेकरी गृहात जायचे, या कायद्याखाली पकडलेल्यांना तिथं ठेवतात. तिथं एक मामा होते. रंगकाम करणारे. नाक्यावर कामाची वाट बघता बघता दुपारी फुटपाथवर डोळा लागला, कपडे रंगानं माखलेले, आले गाडीत. पिशवीत ब्रश होते, तेही सोबत आले होते. त्यांनी मला गावातल्या किराणा दुकानाचा नंबर पाठ म्हणून दाखवला. मी बाहेर येऊन फोन लावला. दुकानदारानं बायकोला बोलावून आणलं. ती आधी बोलेचना. मग म्हणाली, "आम्हाला वाटलं दुसरं घर केलं." तीन महिने झाले होते.

दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिल्लीपुरती या कायद्याची भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. आपल्याकडे कायदा आहेच. आणि इंदूरला तर १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावर गुन्हा. म्हणजे कृष्णाकाठच्या अप्पांवर.

निवांत
अबोलीताई, पण टोळ्या असतात हेही खरं ना? लहान पोरांना कामाला लावतात. मी मुलांना पैसे देत नाही, ह्यावर ठाम आहे.

अबोली
मुलांच्या बाबतीत तुमच्याशी सहमत. मुलाला भीक मागायला लावणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्यात वेगळा गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद. मूल एकटं दिसलं, गुंगीत वाटलं, तर मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन लावा. पण प्रत्येक कडेवरचं मूल भाड्याचं असतं असं धरून चालू नका, हात जोडून सांगते.

ठाणेकरीण
तीन हात नाक्याच्या पुलाखाली सिग्नल शाळा आहे, २०१६ पासून. महापालिका आणि एक संस्था मिळून चालवतात. गजरे विकणारी, हात पसरणारी पोरं तिथं शिकतात. मी पूर्वी तिथून जाताना काच वर करायचे, आता पोरांचा प्रार्थनेचा आवाज येतो म्हणून खाली करते.

भीमाकाठ
इथं टोळी हा शब्द आला म्हणून लिहितोय, नाहीतर नुसता वाचत होतो. मी मंगळवेढ्याकडचा. १ जुलै २०१८, राईनपाडा, धुळे जिल्हा. आमच्या भागातले पाच जण भिक्षा मागायला गेले होते. नाथपंथी डवरी गोसावी. पिढ्यान् पिढ्या तेच. मोबाईलवर मुलं पळवणारी टोळी आलीय म्हणून फिरत होतं, लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. आठवडी बाजाराचा दिवस होता.

त्या आठवड्यात आमच्या गावातनं बाहेर गेलेल्या प्रत्येक डवऱ्याला घरनं फोन होते, परत या म्हणून. माझ्या वर्गातला एक जण झोळी आडवी टाकून विटभट्टीवर गेला. त्याचे वडील अजून म्हणतात, मागून खाण्यात आम्हाला कधी लाज नव्हती, भीती पहिल्यांदा वाटली.

कृष्णाकाठ
भीमाकाठ, वाचलं. काय लिहू कळत नाही. इथं लिहिलंत हे बरं केलंत.

लोकलवाला
परत आलो. वरचं वाचून माझं लिहावंसं वाटत नाही, तरी. डब्यात तृतीयपंथी ताई येतात, टाळी वाजवली की लोक मोबाईलमध्ये मान घालतात. मी दहा रुपये देतो. माझी मुलगी आजारी होती तेव्हा एकीनं नुसतं माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "काय झालं भैया?" पैसे घेतले नाहीत त्या दिवशी. आठवडाभर विचारायच्या, पोरगी कशी आहे. ऑफिसात कुणाला माहीतही नव्हतं.

निवांत
मुलगी बरी आहे ना आता?

लोकलवाला
दहावीला आहे. धावपटू.

दूरदेशी
जर्मनीत राहतो. इथं प्लास्टिकची बाटली दुकानात परत दिली की २५ सेंट मिळतात. रात्री म्हातारी माणसं टॉर्च घेऊन कचरापेट्यांत हात घालतात. म्हणून लोक बाटली पेटीत टाकत नाहीत, बाहेर कडेला उभी करून ठेवतात. मीही ठेवतो. एकदा वरून खिडकीतून बघितलं, एक आजोबा बाटली उचलायच्या आधी इकडंतिकडं बघत होते. नीट कोट, टाय. मी पडदा ओढून घेतला.

सदाफुली
माझा अनुभव उलट्या बाजूचा. आधी कुठं सांगितलेला नाही. वडिलांना कॅन्सर, परळला उपचार. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेपर्यंत आम्ही नऊ रात्री हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर काढल्या. लातूरकडचे आम्ही, घरी वीस एकर नाही पण चार एकर बागायत. अंगावरचं लुगडं मळलेलं, आई भिंतीला टेकून बसलेली, आणि एका बाईंनी येताजाता तिच्या मांडीवर वीसची नोट टाकली. आईनं ती नोट किती वेळ हातात धरली होती. बाईंच्या मागं जाऊन परत द्यायची होती तिला, पण पायात बळ नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, ह्याचं दूध आण बाबांना.

त्याच फुटपाथवर रोज दुपारी एक दादा खिचडी वाटायचे. ते विचारायचे, "पेशंट काय खातो? पातळ देऊ?" एवढंच. बाबांना बारा दिवस तीच खिचडी गेली, दुसरं काही उतरत नव्हतं. बाबा त्या वर्षी गेले. नोकरी लागल्यापासून मी दर महिन्याला त्या धर्मशाळेला पैसे पाठवते, आणि रस्त्यात कुणी मागितलं तर नोट देते. काय करशील विचारत नाही. त्या बाईंनीही विचारलं नव्हतं.

शेवंती
सदाफुली 🙏 आईला नमस्कार सांग.

माणदेशी
ताई, लातूरकडं कुठं? माझी बहीण औशाला दिलीय.

सदाफुली
औशापासून जवळच, माणदेशी. निलंग्याच्या वाटेवर.

निवांत
मी वर ठाम वगैरे लिहिलं होतं. मुलांबद्दल अजून तसंच वाटतं. मोठ्यांबद्दल आता तसं राहिलं नाही. एक व्यावहारिक शंका: बॅगेत कायम ठेवता येईल असं काय द्यावं? चिक्की ठेवायचो.

ठाणेकरीण
चिक्कीला दात लागतात. राजगिऱ्याचा लाडू तोंडात विरघळतो, महिनाभर टिकतो.

शेवंती
उन्हाळ्यात पाण्याची बाटली. आणि बायकांना सॅनिटरी पॅड, कागदात गुंडाळून. मी एकीला दिलं तर तिनं पायावर डोकं ठेवलं, मलाच रडू आलं.

कृष्णाकाठ
आज शनिवार. सकाळी सातला गेले, गर्दी व्हायच्या आत. आजी होत्या. शेजारी बसले आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखवा म्हटलं. कनवटीतनं काढून दिलं. एक बीपीची होती, एक साखरेची. साखरेची गोळी चालू असलेल्या बाईला मी आणि आख्खी पेठ दर शनिवारी केळी देत होतो.

महिन्याच्या गोळ्या आणल्या. वर शंभर रुपये दिले. त्यांनी ते मोजले, कनवटीला लावले आणि म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी ज्वारीची भाकरी आण, पण मऊ."

माणदेशी
पीठ गरम पाण्यात मळा, भाकरी फडक्यात गुंडाळून न्या. दुपारपर्यंत मऊ राहते.