काटा मध्यावर म्हणजे सगळं ठीक, असं नाही
'इंजिनाच्या तापमानाचा काटा अर्ध्यावर आहे तोवर काळजी नको' असं सांगितलं जातं, ते पूर्ण खरं नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) साधारण ८० ते १०५ अंशांत कुठेही असलं तरी तो हलत नाही. ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकातले आकडे मोबाईलला देणारं छोटं उपकरण) लावून मोबाईलवर खरा आकडा बघा. घाट चढताना तो ११० च्या पुढे चढतच राहिला तर थांबायलाच हवं.

त्याहून घातक म्हणजे होज (कूलंटची रबरी नळी) फुटून कूलंट वाहून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो. हीटर लावूनही गार हवा आली तर हाच संशय घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. कूलंट शाबूत असेल तर एसी बंद, हीटर व ब्लोअर फुल करून बाजूला घ्या. रेडिएटरचा पंखा फिरत असेल तर दोन मिनिटं इंजिन आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) ठेवा, वाफ दिसली तर तेही नको. रेडिएटरची कॅप मात्र त्याचा वरचा होज हाताला गार लागेपर्यंत उघडू नका, अर्धा-पाऊण तास सहज जातो. आतल्या दाबामुळे कूलंटचा उकळबिंदू शंभराच्या बराच वर जातो. दाब सुटला की उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं.