'हवामान अनुकूल शेती': कोण कोणाला अनुकूल?

तळटीप
शेतकऱ्यांसाठीची एक पुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणते आहे. विषय हवामान बदल आणि कोरडवाहू शेती. मुळात दर दुसऱ्या ओळीला 'क्लायमेट रेझिलिअंट' आहे, म्हणजे हवामानाचा फटका बसला तरी सावरणारी शेती. सरकारी मराठीत त्याला 'हवामान अनुकूल' म्हणतात, मीही तेच ठेवलं. मसुदा जालना जिल्ह्यातल्या एका गावात वाचून दाखवला, तर मुखपृष्ठावरच गाडी अडली. एक आजोबा म्हणाले, "हवामान अनुकूल असल्यावर शेती कुणीबी करतंय. नसल्यावर काय करायचं ते लिवा."

त्यांचं चुकलं कुठे? 'हवामान अनुकूल असल्याने पेरण्यांना वेग' हे आपण दर जूनमध्ये पेपरात वाचतो. मी विग्रह करते 'हवामानाला अनुकूल', ते करतात 'हवामान अनुकूल असतानाची'. त्यात पुढे 'ॲडॅप्टेशन'साठी 'अनुकूलन' येतं. 'जुळवून घेणं' सुचवलं तर संपादक म्हणतात, हे सासरी निघालेल्या मुलीला सांगतात. 'तग धरणारी शेती' कसं वाटतं? शुक्रवारी मजकूर द्यायचा आहे.

बांधावरून
ताई, आमच्याकडे हा शब्द कधीच मिटलाय. 'पोकरा'. २०१८ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं जो प्रकल्प मराठवाडा-विदर्भात आला, त्याचं कागदावरचं नाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. इंग्रजी नाव 'प्रोजेक्ट ऑन क्लायमेट रेझिलिअंट ॲग्रिकल्चर', त्याची आद्याक्षरं जोडून झालं पोकरा. "पोकरात शेडनेट बसलं का?", "शेततळं पोकरातलं का 'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं?" असं बोलतात. त्यातलं आर म्हणजे रेझिलिअंट हे कुणाला माहीत नाही, पण अनुदान कशाला मिळतं ते पाठ आहे.

शब्दव्रती
पोकरा हा शब्द नव्हे, अपघात आहे. आणि तळटीपताई, तुम्ही फांदीवर बसून चर्चा करताय, मूळच किडलेलं आहे. 'हवामान बदल' यात हवा अरबी, बदल अरबी, मधला 'मान' तेवढा आपला. 'जलवायू परिवर्तन' असा स्वच्छ शब्द असताना हे कडबोळं कशाला? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो उगाच नाही.

गोदाकाठ
जलवायू परिवर्तन हे हिंदी बातम्यांतलं. मराठीत परिवर्तन म्हणजे चांगल्यासाठी झालेला बदल. सामाजिक परिवर्तन, हृदयपरिवर्तन. गारपिटीनं द्राक्षबाग झोपली त्याला परिवर्तन म्हणाल? फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट ज्यानं पाहिली त्याच्यासमोर म्हणून दाखवा.

आणि जलवायूच हवा असेल तर आपला 'हवापाणी' काय वाईट? "इथलं हवापाणी मानवलं नाही" यात ऊन, पाऊस, दमटपणा, विहिरीचं पाणी सगळं येतं.

शब्दव्रती
हवापाण्यात पुन्हा हवा आहेच.

भूगोलाच्या_बाई
निवृत्त शिक्षिका आहे, म्हणून एवढंच. शाळेच्या पुस्तकात 'हवा' आणि 'हवामान' हे दोन वेगळे शब्द आहेत. आज, आत्ता जे आहे ती हवा. बऱ्याच वर्षांची सरासरी काढली की ते हवामान. जागतिक पातळीवर ही सरासरी साधारण ३० वर्षांची धरतात. म्हणजे त्या 'मान'मध्येच सगळं आहे, पर्जन्यमान, तापमान यांतला तोच मान. या हिशेबानं 'आजचे हवामान' हा पेपरातला मथळा चुकीचा आणि रोजचा अंदाज देणाऱ्या हवामान खात्याचं नावही अर्धंच बरोबर.

मुलांना हा फरक सांगताना मी एक उदाहरण वापरत असे. मुंबईतून मान्सून परतायची सरासरी तारीख हवामान खातं २९ सप्टेंबर धरायचं. २०२० मध्ये नव्या आकडेवारीवरून ती ८ ऑक्टोबर केली. एखाद्या वर्षी पाऊस रेंगाळला तर ती हवा. सरासरीची तारीखच सरकवावी लागली तर ते हवामान. सोयाबीन काढणीला आलेलं असताना 'परतीचा पाऊस' मुक्काम का ठोकतो, हे गावाकडच्या मुलांना लगेच कळायचं.

वऱ्हाडी_कूलर
बाई, मग खात्याचं नाव 'हवाखातं' करायचं का? कर्मचारी हवा खातात असं लोक म्हणतील.

एडिसनकर
हाहा. न्यू जर्सीतून वाचतोय. 'क्लायमेट' हा ग्रीक 'क्लिमा'वरून, म्हणजे उतार. सूर्याचे किरण किती तिरपे पडतात त्यावरून पृथ्वीचे पट्टे केले होते. भाषाशास्त्रज्ञ त्याची धातू आपल्या 'श्रि'शी, म्हणजे आश्रय, आश्रितमधल्या श्रिशी जोडतात. टेकणे, कलणे. तेव्हा 'हवामानाश्रय' असा काहीतरी...

बांधावरून
आश्रय नको दादा, विमा मिळाला तरी पुरे.

तळटीप
मंडळी, हवामान की जलवायू हा माझा प्रश्न नाही. पुस्तिकेत 'हवामान बदल'च राहणार आहे. प्रश्न 'अनुकूल'चा आहे.

शब्दव्रती
निदान 'वातावरणीय बदल' तरी लिहा. राज्याच्या विभागाचं नावही पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग आहे.

गोदाकाठ
वातावरण म्हणजे पृथ्वीभोवतीचं वायूंचं आवरण. त्यात कर्बवायूचं प्रमाण दहा लाखांत २८० भाग होतं, ते कारखानदारीनंतर ४२० च्या वर गेलं. हा झाला वातावरणीय बदल. त्यामुळे माझ्या तालुक्यात पावसाचे खंड वाढले, हा हवामान बदल. एक कारण आहे, दुसरा परिणाम. एकच शब्द दोन्हीला लावला की कोणाला काय विचारायचं तेच कळत नाही. आणि बोली मराठीत वातावरण फक्त निवडणुकीच्या आधी तापतं.

तळटीपताई, माझं मत 'तग धरणारी'ला. मंगळवेढ्याची मालदांडी बघा. रब्बीची ज्वारी, पेरल्यावर पाऊस येईलच असं नाही, काळ्या जमिनीतल्या ओलीवर उभी राहते. तिच्याबद्दल लोक 'तग धरते' असंच म्हणतात. कृषी विद्यापीठवाले 'पाण्याचा ताण सहन करणारं वाण' म्हणतात, तेही चालेल.

खाजणकार
तग धरण्यात माणूस नुसता सोसतो असं वाटतं. ॲडॅप्टेशनमध्ये करणं आहे. आमच्या गोव्यात खाजणं आहेत. खाडीकाठची खारी जमीन बांध घालून भाताखाली आणलेली, शेकडो वर्षांची. बांधात 'मानस' असते, लाकडी दारांची. भरतीचं पाणी दारांवर दाबलं की ती आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर जातं. माणूस लागत नाही. आत कोरगुट भात, खारटपणा सोसणारं. समुद्र वर येतोय म्हणून आता मोठे अहवाल लिहितात, त्यात या सगळ्याला काय म्हणायचं ते आम्हांला विचारत नाहीत. आमचा शब्द 'बांध सांभाळणं'. बांध सांभाळणारी माणसं उरली नाहीत, म्हणून कित्येक खाजणांत आता खारफुटी उभी आहे. शब्द असूनही.

बांधावरून
हे आवडलं. कोकणात 'खारबंदिस्ती' म्हणतात ती हीच ना?

खाजणकार
जातकुळी तीच. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं तर खाऱ्या जमिनीसाठी भाताची वाणंच काढली, पनवेल १, २, ३.

वऱ्हाडी_कूलर
तुमचं पाण्याचं झालं, आता उन्हाचं ऐका राजेहो. पुस्तिकेत 'उष्णतेची लाट' असेल तर ताई सांभाळून. खात्याच्या व्याख्येत मैदानी भागात पारा निदान ४० पाहिजे आणि सरासरीच्या साडेचार अंश तरी वर. किनाऱ्यावर ३७ पुरे. आता चंद्रपुरात मे अखेरीची सरासरीच इतकी की ४४ ला लाट नाही, त्याला मे महिना म्हणतात. (४५ झाले की मात्र सरासरी न बघता लाट.) आमचे शब्द वेगळे. 'लू', 'ऊन लागणं', आणि २५ मेपासून नऊ दिवस 'नवतपा'. डॉक्टर लिहितो उष्माघात, घरचे म्हणतात ऊन लागलं. उष्माघात ऐकून कुणी कांदा खिशात टाकत नाही.

भूगोलाच्या_बाई
कांद्यानं काही होत नाही हो. सावली, पाणी, आणि दुपारची कामं सकाळी घेणं.

वऱ्हाडी_कूलर
बाई, कांदा सोडणार नाही. पाणीही पिऊ.

शब्दव्रती
नवतपा हिंदीतून आलेला आहे. मराठीत रोहिणी म्हणतात.

वऱ्हाडी_कूलर
नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतं. काय काय परत करू? संत्री ठेवू का?

गोदाकाठ
शब्दाचा आग्रह धरायचाच तर 'ओला दुष्काळ'साठी धरा. दर दोन-तीन वर्षांनी जाहीर करा म्हणून मोर्चे निघतात, आणि सरकारी उत्तर येतं की नियमावलीत अशी संज्ञाच नाही. तिथे आहे 'अतिवृष्टी': महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर. ६० पडला, रान चार दिवस तुंबलं, मुगाला झाडावर कोंब फुटले, तर अतिवृष्टी नाही. गंमत म्हणजे हवामान खात्याचा नुसता 'जोरदार' पाऊसही ६४.५ पासूनच सुरू होतो. एकाच पावसाला एक खातं जोरदार म्हणतं, दुसरं अतिवृष्टी. आणि टीव्हीवाले त्याच पावसाला 'ढगफुटी' म्हणतात, जी खरं तर २०-३० चौरस किलोमीटरच्या टापूत तासाला १०० मिलिमीटर पडला तर होते.

एडिसनकर
पण दुष्काळ म्हणजे दुस् + काळ, वाईट काळ. त्यात कोरडेपणा कुठेच नाही. ओला दुष्काळ व्युत्पत्तीनं शुद्ध आहे!

शब्दव्रती
या एका शब्दाबाबत सहमत. नियमावली चुकीची, लोक बरोबर.

तळटीप
ही तारीख लिहून ठेवते.
'तग धरणारी' आणि 'सांभाळणं' दोन्ही टिपलंय. आता पुढचा अडसर: 'मिटिगेशन'. शमन लिहिलं तर संपादकांना पित्तशमन आठवलं. उत्सर्जन कमी करणं, जमिनीत कार्बन साठवणं, एवढं सगळं एका शब्दात बसवायचंय.

बांधावरून
एका शब्दात कशाला? 'धूर कमी, कर्ब जास्त' लिहा. सेंद्रिय कर्ब म्हटलं की माती तपासलेला कुठलाही शेतकरी ओळखतो. "रानाचा कर्ब उतरलाय" असं पारावर बोलतात. कार्बन क्रेडिटवाल्या कंपनीची माणसं आली तेव्हापासून मात्र घोळ झालाय. जमिनीत आहे तोवर कर्ब, विकायला काढला की कार्बन.

शब्दव्रती
पाहा, कर्ब रुजला. नत्र, स्फुरद, पालाश रुजले. मराठी परिभाषा चालत नाही म्हणणाऱ्यांनी कृषी खात्याची कुठलीही पत्रिका उघडावी. पालाश तर किती सुंदर. पळसाच्या राखेत क्षार असतो, आयुर्वेदात पलाशक्षार आहेच. त्यावरून पोटॅशला पालाश.

एडिसनकर
मला वाटतं ध्वनी जुळवून घेतला असणार. पोटॅश-पालाश, नायट्रोजन-नत्र. पळस नंतर सोयीनं आठवला.

शब्दव्रती
मग स्फुरद? त्यात कुठे फॉस्फरसचा ध्वनी? 'स्फुर्' म्हणजे चमकणे. ग्रीकमध्येही त्या शब्दाचा अर्थ प्रकाश आणणारा. हे जाणीवपूर्वक घडवलेले शब्द आहेत.

एडिसनकर
फॉस्फरस, स्फुरद. 'स्फ' दोन्हीकडे आहे की.

बांधावरून
व्रतीजी, शब्द गोड आहेत, पण दुकानात कुणी ते मागत नाही. खताच्या पोत्यावर या तिघांचं प्रमाण १०:२६:२६ असं छापलेलं असतं, आम्ही 'दहा सव्वीस' मागतो.

वऱ्हाडी_कूलर
आमच्याकडे अठरा शेचाळीस जास्त चालतं.

बांधावरून
ते डीएपी. त्याला आमच्याकडेही डीएपीच म्हणतात. ऐन पेरणीत मिळतं का तुमच्याकडे?