पणजीजवळ एक निवांत दिवस, आईसोबत: दिवाडी बेट कसं आहे?

सायली_प
सप्टेंबरच्या शेवटी कामानिमित्त पणजीला जातेय, आई बरोबर आहे. एक रविवार पूर्ण मोकळा. आईचं वय 68, गुडघे कुरकुरतात. माहेर मावळातलं, भातशेतीतलं. तिला समुद्र दाखवला तर दहा मिनिटांत "झालं बघून" म्हणते. दिवाडी बेटाचं नाव ऐकलंय. तिथे खरंच शेती आहे की नुसती हॉटेलं? आणि दिवसभर करायचं काय? "काहीच नाही" हे उत्तर चालेल, पण मग कुठे बसून, तेवढं सांगा.

रायबंदरकर
दिवाडीच करा. फेरी रायबंदरहून आहे आणि जुन्या गोव्याहूनही; तिकडे व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरलात की समोर धक्काच. मांडवी ओलांडायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात आईंना कठड्याशी उभं राहू द्या. रायबंदरहून चोडणलाही फेरी जाते, तेव्हा विचारून चढा. माझे एक पाहुणे दुसऱ्याच बेटावर तासभर दिवाडीचं चर्च शोधत होते.

गुडघे दुखत असतील तर पणजीहूनच गाडी करून ती फेरीत घाला. बेटावर रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका. पाण्याची बाटली आणि छत्री हवीच.

आता बसायचं कुठे? पिएदादच्या टेकडीवर चर्च आहे, तिथून खालची शेतं आणि नदी दिसते. सगळे तिथेच फोटो काढतात. मी असतो तर अर्ध्या तासात खाली उतरून बांधावर गेलो असतो. फेरीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जी सखल शेतं लागतात ती खाजन जमीन. मूळची खाडीचीच, बांध घालून मिळवलेली. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने फळ्या मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. रोज कुणी उघडझाप करायला लागत नाही. भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्री बघून ठेवा आणि पाणी उतरायला लागताना मानशीपाशी पोचा. मासे आतबाहेर करतात म्हणून बगळे आणि खंड्या आधीच जागा धरून असतात. बांध ओला असेल तर मात्र आईंना गाडीतच बसवा, चिखल फार निसरडा.

कदंबवेडा
बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याला फेरी जाते, ती चुकवू नका. कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचं दिवाडीचं. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नार्व्याला गेलं, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 साली केला. म्हणजे देव ज्या वाटेने गेला तीच नदी तुम्ही ओलांडता.

रायबंदरकर
बरोबर आहे, पण एका दिवसात देऊळ, चर्च, मानस सगळं करायला गेलात तर आई फक्त गाडीची सीट बघतील. एक गाळा. आणि कोकण रेल्वे बेटावरून जाते हे खरं, पण तिथे स्टेशन नाही. दरवर्षी कुणी तरी विचारतंच.

सायली_प
आलो जाऊन! देऊळ गाळलं (कदंबवेडा, माफ करा). चर्चपाशी आई पंधरा मिनिटं टिकली. मानशीपाशी पाऊण तास. आम्ही पोचलो तेव्हा दार बंद होतं, मला वाटलं बिघडलंय. मग फळीच्या फटीतून आधी धार, मग एकदम घुसळण. आईने गाडीतून उतरायचं नाही असं ठरलं होतं, ती माझ्या आधी बांधावर.

भात पिवळं पडायला लागलं होतं. आईने लोंबी हातात घेऊन दाणा दाताखाली धरला, म्हणाली, "अजून दूध आहे, आठ दिवस थांबायला हवं." शेतात एक आजोबा होते, त्यांनाही तेच सांगितलं. ते कोकणीत, ही मावळी मराठीत, आणि माझी कुणालाच गरज नव्हती. हे कोरगुट, खारं सोसणारं भात, एवढं मला कळलं. आजोबांनी घरून मूठभर जुनं बियाणं आणून दिलं. आईने ते चष्म्याच्या डबीत भरलं, चष्मा पदराला पुसत पुण्यापर्यंत हातात.

आता ते मामाकडे पेरायचं म्हणते. रायबंदरकर, मावळात खारं पाणी नाही, त्याचं काही बिघडेल?

रायबंदरकर
बिघडू नये. खाजनातही पेरणी पावसाने मीठ धुऊन गेल्यावरच करतात. खारं ते सोसतं, मागत नाही. डबीतलं मात्र उन्हात वाळवून घ्या.

सायली_प
वाळतंय. गच्चीवर, चिमण्यांवर आईचा पहारा आहे.