कॅराबिनरवर २२ केएन म्हणजे नक्की किती किलो?

भांडुपची_भटकी:
मंडळी एक शंका. येत्या रविवारी ऑफिसच्या ग्रुपबरोबर भिवपुरीला वॉटरफॉल रॅपलिंगला (धबधब्यातून दोरावरून खाली उतरायला) जातेय, मित्राने त्याचा कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची उघडझाप गेटवाली धातूची कडी, दिलाय. त्यावर बारीक अक्षरात लांबीच्या दिशेने बाण काढून २२ केएन, रुंदीच्या दिशेने ८ आणि उघड्या गेटचं चित्र काढून ७ असं कोरलंय. केएन म्हणजे किलोन्यूटन एवढं शाळेतलं आठवतंय, पण सरळ किलोत लिहायला काय जातं यांचं? आणि हा न्यूटन तो सफरचंदवालाच ना?

मुलुंड_फास्ट:
तोच तो. २२ हजार भागिले ९.८, म्हणजे २२४० किलोच्या आसपास. अख्खी गाडी लटकव, काही होत नाही. बिनधास्त जा.

कडेकपारी:
भागाकार बरोबर आहे हो, पण "बिनधास्त" नको, कारण किलोत न लिहिण्याचं कारणच ते आहे. किलो म्हणजे वस्तुमान आणि कॅराबिनर सोसतो ते बल, झटका. समज तुझं वजन ६० किलो, नुसती दोरावर लटकलीस तर ५८८ न्यूटन, काहीच नाही. आता ५ मीटर मोकळी पडलीस तर वेग होतो सेकंदाला जवळपास १० मीटर. दोर ताणला जाऊन अर्ध्या सेकंदात थांबलीस तर सरासरी बल साधारण १८०० न्यूटन, पण दोर ताणलाच गेला नाही आणि सेकंदाच्या विसाव्या भागात थांबलीस तर तेच साडेबारा हजारांच्या आसपास जातं!! माणूस तोच, वजन तेच. २२ ला हे चालेल (पाठीचं काय होईल ते विचारू नकोस), पण ओढ रुंदीत, आडवी पडली तर ८ वर आणि गेट उघडं राहिलं असेल तर ७ वर खेळ खलास. म्हणून क्लाइंबिंगला ताणला जाणारा डायनॅमिक रोप लागतो आणि रॅपलिंगच्या स्टॅटिक रोपवर उड्या मारत उतरायचं नसतं, व्हिडिओसाठी तर अजिबात नाही.

मास्तर_डोंबिवली:
वा, वेळेचा मुद्दा छान. न्यूटनचा दुसरा नियम मुळात असाच आहे, संवेग किती झपाट्याने बदलतो त्यावर बल ठरतं. १६८७ साली प्रिन्सिपियात आला, आणि ते पुस्तक छापायचा खर्च हॅलीने, हो धूमकेतूवाल्याच, स्वतःच्या खिशातून केला कारण रॉयल सोसायटीने पैसे माशांवरच्या एका जाडजूड ग्रंथात घालवले होते आणि तो काही खपला नाही. सफरचंद डोक्यात पडलं हे मागाहून चिकटवलेलं, पण सफरचंद पडताना बघून विचार सुरू झाला हे न्यूटनने म्हातारपणी स्वतः सांगितलंय.

गंमत म्हणजे न्यूटन हे एकक न्यूटनला माहीतच नव्हतं. तो गेला १७२७ ला आणि बलाच्या एककाला त्याचं नाव मिळालं १९४८ मध्ये. १ किलोच्या वस्तूचा वेग दर सेकंदाला, सेकंदाला १ मीटर इतका वाढवणारं बल म्हणजे १ न्यूटन. आमच्या वेळी डाइन हे बलाचं छोटं एकक पण पाठ करावं लागे, एका न्यूटनमध्ये १ लाख डाइन. आणि बल मोजायचा जो स्प्रिंगचा काटा असतो तो चालतो हूकच्या नियमावर, ज्या हूकशी न्यूटनचं आयुष्यभर वाकडं होतं 😄

मुलुंड_फास्ट:
माशांचं पुस्तक 😂 बरं गाडीचं वाक्य मागे घेतो.

भांडुपची_भटकी:
धन्यवाद सगळ्यांना, आता ८ आणि ७ चा अर्थ लागला. कॅराबिनर बऱ्यापैकी वापरलेला दिसतोय, काय बघू?

कडेकपारी:
गेट दाबून सोड, आपोआप पूर्ण बंद झालं पाहिजे. दोर घासून आत खाच पडलीय का ते बोट फिरवून बघ, धारदार लागली तर वापरू नकोस. स्क्रूवाला असेल तर हार्नेसला (कमरेला बांधायच्या पट्ट्यांना) लावल्यावर स्क्रू फिरवून दाबून बघ. आणि ओढ लांबीतच पडतेय ना हे कड्यावर गेल्यावर लीडरकडून एकदा तपासून घे, घाई करत असला तरी.