हुकूम म्हणजे नेमकं काय, आणि रंग दोन की चार?

प्रश्न : गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत गच्चीवर पत्त्यांचा मेंढीकोट मांडला होता. बदाम हुकूम (म्हणजे बाकीच्या रंगांना मारणारा रंग), उतारी चौकटची, हातावर चौकटची मेंढी (दश्शी) पडलेली. माझ्या भिडूकडे चौकट संपलेली. मी न राहवून ओरडलो, "हुकूम मार की!" (डावात बोलायचं नसतं, मान्य.) त्यानं इस्पिकची सत्ती टाकली. मेंढी गेली. भिडूच्या घरी हिंदी बोलतात. चूक कुणाची?

प्रतिसाद १ : त्याची नाही. हिंदीत 'हुकुम' म्हणजे इस्पिकच. आपण ज्याला हुकूम म्हणतो ते त्यांचं 'तुरुप'. आपला 'हुकमी एक्का' कुठल्याही रंगाचा असू शकतो, त्यांचा 'हुकुम का इक्का' कायम काळा. शिवाय बदामला ते 'पान' म्हणतात, चौकटला 'ईंट', किलवरला 'चिडी'.

प्रतिसाद २ : सोलापुरात एवढ्यावर भागत नाही वो. आम्ही पूर्व भागातले, घरी तेलुगू. पत्ते म्हणजे 'पेक', इस्पिक म्हणजे 'इस्पेटु'. अक्कलकोटची मावशी कन्नडमधून "इस्पीट आडोण" म्हणाली की अख्खा कॅट काढायचा असतो, नुसतं इस्पिक नव्हे!

प्रतिसाद ३ : 'रंग' राहिलाच. पत्त्यांत रंग म्हणजे तेरा पानांचा गट, शाई नव्हे. म्हणून शाई दोन, रंग चार. "रंग आहे का?" याला "लाल आहे" हे उत्तर होत नाही. खेळणारा मोजतो तेही रंगच : किलवर दोनदा फिरलं, चौघांनीही दिलं, म्हणजे आठ गेली. माझ्याकडे तीन. बाहेर दोनच. पण डोळा शाईला फसतो. हातात पंखा धरला की पानाचा कोपराच दिसतो, तिथं बदाम-चौकट शेजारी आले की चुकीचं पान पडलंच. आमचे आजोबा बदाम, इस्पिक, चौकट, किलवर असे एकाआड एक लावायचे. काळा पट्टा मध्ये आला की लाल-लाल मिसळत नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात ही भानगड कमी. 120 गोल पानं, दहा अवतारांचे दहा गट, आणि प्रत्येक गटाची जमीनच वेगळ्या रंगाची.

प्रश्नकर्ता : भिडूला हे वाचून दाखवलं. ठरलं, पुढच्या वेळी 'हुकूम' म्हणायचंच नाही, थेट रंगाचं नाव घ्यायचं. तर तो म्हणतो, "ठीक है, बदाम हो तो सिर्फ 'पान' बोलो."