अनुभव धागा: घरचं कार्य, माशांचं जेवण आणि खिशाला झेपणारी वाईन

धागा काढायचं कारण साधं आहे. साखरपुडा, आईबाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, नाताळ असल्या निमित्ताने आता कोकणातल्या घरांतही वाईनची बाटली दिसायला लागली आहे. दुकानात उभं राहिलं की मात्र सगळ्यांची तीच पंचाईत: कुठली घ्यायची, किती घ्यायची? ज्यांनी घरच्या कार्याला वाईन आणली आहे त्यांनी लिहा. ताटात काय होतं, पिणारे किती होते, बाटल्या गार कशा केल्या, हे सांगा. नुसती ब्रँडची नावं नकोत. माझं मत आधीच सांगून टाकते. हजार रुपयांची बाटली नीट गार केली, तर ती तीन हजारांच्या कोमट बाटलीला भारी पडते. पटत नसेल तर भांडा.

मालवणहून
भाचीच्या साखरपुड्याला पाहुणे साठेक, पिणारे जेमतेम निम्मे. पहिला पेला सगळ्या पिणाऱ्यांना स्पार्कलिंगचा, म्हणजे बुडबुडेवाल्या वाईनचा, मग ज्याला जे हवं ते, असं ठरवलं. ७५० मिलीच्या बाटलीत निमुळत्या ग्लासचे सहा पेले निघतात, म्हणून पाच बाटल्या आणि हाताशी एक जास्तीची. नाशिककडची ब्रूट, म्हणजे गोडी अगदी कमी असलेली स्पार्कलिंग, घेतली. सुला आणि शांदों, दोघांची स्पार्कलिंग तिकडेच बनते. परदेशी बाटलीवर आयात शुल्क इतकं जबर, की तिच्या वाटेला गेलोच नाही. दुकानदार सगळ्यालाच 'शॅम्पेन' म्हणतो. म्हणू दे. ते नाव फक्त फ्रान्सच्या त्या एका प्रांतातल्या वाईनचं.

तरुण मंडळी खूश. थोरल्या मामांनी घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला: "गोड नाय, मगे वायन कसली?" आमच्याकडच्या जुन्या माणसांची जीभ गोव्याच्या गोड पोर्ट वाईनवर तयार झालेली, त्यांचं काय चुकलं? म्हणून घेण्याआधी लेबल बघा. ब्रूट म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. 'एक्स्ट्रा ड्राय' वाचून ती अजून कोरडी, म्हणजे कमी गोड, असेल असं वाटतं, पण ती ब्रूटपेक्षा गोड असते. मामांसारख्यांसाठी डेमी-सेक बघा, ती चांगलीच गोड.

वेंगुर्ल्याहून
पोर्टचा विषय निघालाच आहे तर सांगतो. "गोव्यात स्वस्त आसा, गाडीत खोको टाक" हा सल्ला आमच्या भागात प्रत्येक लग्नघरात मिळतो. परवान्याशिवाय तो माल महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि सीमेवरच्या बांद्याला गाड्या तपासतात. शिवाय व्हिस्की-रममध्ये जेवढा फरक पडतो तेवढा वाईनमध्ये पडत नाही. आपल्या राज्यातल्या द्राक्षांच्या वाईनला २००१ च्या धोरणापासून करात सवलत मिळत आली आहे. चार पैशांसाठी कार्याच्या दिवशी नाक्यावर कोण उभं राहणार?

गुहागरहून
आमचं घरगुती लॉजिंग आहे, त्यामुळे हे काम नेहमीचंच. मे महिन्यात फ्रिजच्या भरवशावर राहू नका. त्यात आधीच आमरसाची पातेली असतात आणि लाईट नेमकी पाहुणे आल्यावर जाते. मोठं घमेलं घ्या. अर्धा बर्फ, अर्धं पाणी, वर दोन-तीन मुठी जाडं मीठ. नुसत्या बर्फात बाटलीला मधे मधे हवाच लागते. पाणी मात्र सगळीकडून बिलगतं आणि मिठाने ते शून्याच्याही खाली जातं. अर्ध्या तासात बाटली पिण्याजोगी गार. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातली लादी फोडून आणली तरी चालते, फक्त बाटली बाहेर काढल्यावर स्वच्छ धुवा, नाहीतर आधी बांगड्याचा वास आणि मग वाईनचा.

उघडण्याचंही सांगते, कारण दर वेळी कोणीतरी भावोजी सिनेमातल्यासारखी बाटली हलवायला बघतात. आत गाडीच्या टायरपेक्षा जास्त दाब असतो. तारेचा पीळ सोडण्याआधीच अंगठा बुचावर ठेवा आणि शेवटपर्यंत काढू नका. बाटली तिरपी धरा, तोंड माणसांकडे नको. बूच घट्ट धरून बाटली फिरवा. फुस्स एवढाच आवाज यायला हवा. कोमट बाटलीतला वायू एकदम सुटतो आणि निम्मी वाईन शेणाने सारवलेल्या खळ्यात जाते.

(धागा काढणारी मी मध्येच बोलते: गुहागरकर ताई, घमेल्यासाठी तुम्हाला माझ्याकडून सुरमईची अख्खी तुकडी.)

अलिबागहून
सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला दिराने मोठ्या हौसेने रेड आणली होती. मटण होतं तोवर ठीक. बांगड्याबरोबर घोट घेतला आणि तोंडात गंजलेल्या खिळ्याची चव आली. रेडमध्ये बहुधा लोह जास्त असतं, ते माशाच्या तेलाशी भिडलं की असं होतं. तेलकट मासा असेल तर व्हाइट किंवा स्पार्कलिंगच. रव्यातली सुरमई, तळलेली कोळंबी यांच्याबरोबर ब्रूटला तोड नाही. तिचा आंबटपणा आणि बुडबुडे जिभेवरचं तेल धुऊन काढतात. तिरफळं घातलेल्या झणझणीत कालवणाबरोबर मात्र ब्रूट बोचते. तिथे किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही व्हाइट घ्या. नाशिकची हजाराच्या आत मिळते, आणि आम्ही दर वेळी तीच घेतो.

दापोलीहून
थोडक्यात. स्वस्तातली व्हाइट मुरवत ठेवायची वस्तू नव्हे, लेबलवरचं साल जितकं ताजं तितकं बरं. काचेत उन्हात मांडलेली बाटली नको, आतली मागा. फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, असं काही नसतं.

चिपळूणहून
सगळे किती आणायची ते सांगतायत, मी उरलेल्याचं सांगतो. उघडलेली स्पार्कलिंग दुसऱ्या दिवशी निम्मी मेलेली असते. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून काही होत नाही. तेव्हा एक संपल्यावरच दुसरी उघडा, कोणी कितीही घाई करो. साधी व्हाइट झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. आमची ही ती लसणीवर परतलेल्या तिसऱ्यांत (शिंपल्यांत) अर्धी वाटी ओतते, वर झाकण. शिंपले उघडले की उतरवायचं. त्यात खोबरं घालू नका, हे मी मालवणकरांच्या शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.