मदत हवी आहे: मधुमेह आणि वॉरफरिन चालू असलेल्या वडिलांना बेरी किती आणि कोणत्या द्याव्यात?

नमस्कार मंडळी,

माझे वडील ७६ वर्षांचे, वाईला असतात. मधुमेहाच्या गोळ्या आहेतच, शिवाय हृदयाची झडप बदललेली असल्यामुळे वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, कायमची. थंडी पडली की त्यांना खोकला धरतो आणि लवकर सोडत नाही. मागच्या हिवाळ्यात प्रकरण न्यूमोनियापर्यंत गेलं, तेव्हापासून आम्ही सगळेच धास्तावलो आहोत.

अमेरिकेतल्या बहिणीने सुकवलेल्या क्रॅनबेरी आणि ब्लूबेरी पाठवल्या आहेत. रोज मूठभर द्या, प्रतिकारशक्ती वाढते, असं तिचं म्हणणं. लांब राहून ती जीव टाकते, म्हणून पटकन नाही म्हणवत नाही. पण क्रॅनबेरीच्या पाकिटावर घटकांच्या यादीत दुसरंच नाव साखरेचं आहे. शिवाय वॉरफरिन घेणाऱ्यांनी क्रॅनबेरी टाळावी, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, असं सांगतात. ती पाकिटं मी वडिलांच्या हाती दिलेलीच नाहीत.

आता प्रश्न ताज्या फळांचा. डिसेंबरपासून पाचगणी-महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आमच्या दारात येते. १०० ग्रॅममध्ये साधारण ६० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, ब्लूबेरीत जेमतेम १०. पेरू आणि आवळा त्याच्याही कितीतरी पुढे. ब्लूबेरीला गडद रंग देणारी अँथोसायनिन्स आपल्या जांभळातही आहेत. मग बाहेरून आणलेली महागडी फळं खरंच लागतात का? साखर न वाढता स्ट्रॉबेरी किती चालेल? कवळीखाली बिया अडकतात, त्यावर काय करता? आणि मुख्य म्हणजे, याने न्यूमोनिया टळायला काही मदत होते का? घरी वृद्ध माणसं सांभाळणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगा.

प्रतिसाद १
माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या, त्यांनाही मधुमेह. पाच-सहा स्ट्रॉबेरी, जेवणानंतर, अख्ख्या. रस काढून नाही, चोथा पोटात गेला पाहिजे. कवळी असेल तर बारीक चिरून दह्यात कालवा आणि नंतर कवळी धुवा. दोन तासांनी साखर तपासली की तुमचं प्रमाण तुम्हालाच कळेल.

पण न्यूमोनियाची भीती असेल तर फळांवर विसंबू नका. वयानुसार प्रतिकारशक्ती मंदावतेच, ती मूठभर फळांनी तरुण होत नाही. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूविरुद्धची) लस, या दोन्हींबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. जेवणात डाळ, अंडं, दूध पुरेसं आहे का तेही बघा. म्हातारी माणसं चहा-बिस्किटांवर दिवस काढतात.

प्रतिसाद २
जांभळाच्या बियांची पावडर कुणी सुचवली तर गोळ्यांसोबत डॉक्टरांना न विचारता देऊ नका, साखर फार खाली येऊ शकते.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. लसीचं कुणीच सुचवलं नव्हतं. रक्त पातळ असताना दंडात इंजेक्शन चालतं का?

प्रतिसाद १
आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी) आटोक्यात असेल तर सहसा चालतं. बारीक सुई वापरतात, नंतर जागा न चोळता दोन मिनिटं घट्ट दाबून धरायची. वॉरफरिन चालू आहे हे मात्र सुई टोचण्याआधी सांगा, आयएनआरचा ताजा रिपोर्ट सोबत न्या.